आठवड्यातून एकदाच प्यायल्याने धोका कमी होतो का?

आपण विचारले आहे ते थोडक्यात असे : वय ४१, रक्तदाबाची गोळी चालू, आठवडाभर दारूचा थेंबही नाही, पण शनिवारी रात्री मित्रांबरोबर व्हिस्कीची एक क्वार्टर संपते. थोरले बंधू मात्र रोज जेवणाआधी तीस मिलीचा एक पेग घेतात. त्यांचे आठवड्याचे २१० मिली होतात आणि आपले १८०, तेव्हा आपल्याला धोका कमी, हे खरे का?

मी फिजिशियन आहे आणि हा हिशेब रुग्णांकडून वारंवार ऐकतो. आपली बेरीज बरोबर आहे, पण तिच्यावरून काढलेला निष्कर्ष बरोबर नाही, कारण आठवड्याची एकूण दारू जवळपास सारखी असली तरी ती कशी विभागली आहे यावर हृदयाचे, यकृताचे आणि अपघाताचे धोके वेगवेगळ्या दिशांनी बदलतात.

आधी मापाचे पाहू. आपल्याकडच्या ४२.८ टक्के तीव्रतेच्या व्हिस्कीच्या तीस मिलीत सुमारे दहा ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो, म्हणजे क्वार्टरमध्ये साधारण साठ ग्रॅम. एका बैठकीत साठ ग्रॅम किंवा त्याहून जास्त, हीच जागतिक आरोग्य संघटनेची ‘प्रसंगी अतिमद्यपाना’ची मर्यादारेषा आहे आणि आपण दर शनिवारी तिच्यावर पोहोचता. यकृत तासाला साधारण सात ते दहा ग्रॅम मद्यार्काचा निचरा करते. बंधूंचा पेग तास-दीड तासात निकाली निघतो, आपली क्वार्टर मात्र सहा ते आठ तास रक्तात राहते आणि बैठक लवकर आटोपली तर सत्तर किलो वजनाच्या पुरुषातही रक्तातील प्रमाण १०० मिलीमागे १०० मिलिग्रॅमच्या आसपास जाऊ शकते. आपल्या मोटार वाहन कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. त्या रात्री दुचाकीला हात लावू नका, एवढेच या बाबतीत सांगतो.

हृदयाविषयी मात्र थोडे थांबून सांगायला हवे, कारण आपल्या प्रश्नाचा गाभा तिथे आहे. उत्तर आयर्लंडमधील बेलफास्ट आणि फ्रान्समधील लील, स्ट्रासबुर्ग व तुलूझ या शहरांतील पन्नास ते एकोणसाठ वयाच्या ९,७७८ पुरुषांचा दहा वर्षे पाठपुरावा केलेला एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. मद्यपींचे आठवड्याचे सरासरी प्रमाण दोन्हीकडे फारसे वेगळे नव्हते : बेलफास्टमध्ये २८२ ग्रॅम, फ्रान्समध्ये २५५. फरक वाटणीत होता. फ्रेंच पुरुष बहुतांशी रोज थोडी, मुख्यतः वाइन, घेत, तर बेलफास्टमधील पुरुषांचे पिणे आठवड्याच्या अखेरीस, त्यातही शनिवारी, एकवटलेले असे. नियमित थोडी पिणाऱ्यांच्या तुलनेत एकदम जास्त पिणाऱ्यांमध्ये हृदयविकाराच्या झटक्याचा आणि त्यामुळे होणाऱ्या मृत्यूचा धोका जवळजवळ दुप्पट आढळला. असा निरीक्षणात्मक अभ्यास कार्यकारण पूर्णपणे सिद्ध करत नाही हे मान्य करूनही, आपल्या हिशेबाला याहून थेट उत्तर मला माहीत नाही.

यामागची एक यंत्रणा आपल्याला विशेष लागू पडते. तीस ग्रॅमहून जास्त मद्यार्क पोटात गेल्यावर पहिले काही तास रक्तदाब उतरतो आणि साधारण बारा-तेरा तासांनंतर तो चढतो. त्यामुळे रात्री मोजलेला आकडा समाधानकारक दिसतो आणि रविवारी दुपारी, जेव्हा कोणीच मोजत नाही, तेव्हा तो वाढलेला असतो. शिवाय हृदयाची लय बिघडण्याचा धोका आहे. १९७८ मध्ये फिलिप एटिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत सुट्टीच्या दिवसांतील अतिमद्यपानानंतर अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या रुग्णांचे वर्णन ‘हॉलिडे हार्ट’ या नावाने केले. आपल्याकडेही रविवारी सकाळी छातीत धडधड होते म्हणून अपघात विभागात येणारे तरुण पुरुष दिसतात, आणि त्यांतल्या अनेकांना शनिवारच्या रात्रीचा याच्याशी संबंध असेल हे ठाऊकच नसते.

आता बंधूंविषयी, कारण वरचे वाचून ते निर्धास्त होऊ नयेत. यकृताचा धोका उलट दिशेने जातो. डेन्मार्कमधील एका मोठ्या अभ्यासात रोज पिणाऱ्या पुरुषांना, आठवड्यातून दोन ते चार दिवस पिणाऱ्यांच्या तुलनेत, मद्यजन्य सिरोसिसचा, म्हणजे यकृतात व्रण साचून ते कठीण होण्याचा, धोका तिपटीहून अधिक आढळला. यकृताला मोकळे दिवस मिळावे लागतात, असा त्याचा अर्थ मी लावतो. घरी ओतलेला पेग खरोखर तीस मिलीचाच असतो का, हेही एकदा मापाने पाहावे. माझ्या अनुभवात तो क्वचितच तेवढा असतो.

कर्करोगाच्या बाबतीत ही विभागणी दोघांनाही फारशी वाचवत नाही. मद्याला कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्या पदार्थांत, १९८८ मध्येच घातले गेले आहे. मद्यार्काचे शरीरात अॅसिटाल्डिहाइड होते, ते पेशींतील डीएनएला इजा करते, आणि तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे व स्त्रियांमध्ये स्तन यांच्या कर्करोगाचा धोका प्यायलेल्या प्रमाणानुसार वाढतो. बैठकीत सोबत सिगारेट किंवा तंबाखू असेल तर तोंडाच्या व घशाच्या कर्करोगाचे धोके नुसते बेरजेने नव्हे, त्याहून अधिक वाढतात.

तेव्हा आपल्याला माझा सल्ला असा : क्वार्टर आठवड्यावर पसरू नका, ती कमीच करा, एका बैठकीत दोन छोट्या पेगांच्या पुढे जाऊ नका, आणि अजिबात सोडता आली तर रक्तदाबाच्या दृष्टीने ते सर्वांत चांगले. पुढच्या काही रविवारी दुपारी रक्तदाब मोजून आकडे लिहून ठेवा व आपल्या डॉक्टरांना दारूच्या प्रमाणासह दाखवा, कारण हे माहीत नसताना गोळीचा डोस वाढवला जाण्याची शक्यता असते. धडधड जाणवली तर ती चालू असतानाच ईसीजी काढून घ्या. लय पूर्ववत झाल्यावर काढलेल्या ईसीजीत बहुधा काहीच सापडत नाही.