सात हजार पानं आणि एक झेरॉक्स मशीन

व्हिएतनाम युद्धाबद्दलचे अमेरिकी सरकारचे सात हजार पानांचे गुप्त कागद वर्तमानपत्रांपर्यंत पोचवणारे डॅनियल एल्सबर्ग यांच्यावरचा ‘द मोस्ट डेंजरस मॅन इन अमेरिका’ हा 2009 चा माहितीपट बघा, असं मागच्या वेळी सुचवलं होतं. ज्युडिथ अर्लिक आणि रिक गोल्डस्मिथ यांच्या या कामाला ऑस्करचं नामांकन होतं. बऱ्याच वाचकांनी तो पाहिला आणि प्रश्न पाठवले. त्यांतले काही घेतो.

‘सर्वांत धोकादायक माणूस’ हे नाव जरा भडक नाही वाटत? (सातारा)

भडक आहे, पण दिग्दर्शकांच्या पदरचं नाही. शब्द राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचे सल्लागार हेन्री किसिंजर यांचे. गंमत अशी, की 1968 च्या शेवटी निक्सन निवडून आले तेव्हा व्हिएतनामबाबत कोणते पर्याय उरलेत हे मांडून घेण्यासाठी याच किसिंजरनी एल्सबर्गचीच मदत घेतली होती. म्हणजे माणूस पक्का आतल्या गोटातला होता: हार्वर्ड, मरीन दलातली अधिकारी म्हणून नोकरी, मग रँड कॉर्पोरेशन ही संरक्षणविषयक संशोधन संस्था, मग पेंटागॉन म्हणजे संरक्षण खातं, आणि पुन्हा रँड.

एवढी पानं बाहेर काढली कशी? कुणालाच कळलं नाही? (पुणे)

सगळ्यात जास्त पत्रं याच प्रश्नाची. संरक्षणमंत्री मॅकनामारा यांनी 1967 मध्ये व्हिएतनाम धोरणाचा गुप्त इतिहास लिहून घ्यायला सुरुवात केली. त्याचे 47 खंड झाले, पानं सात हजारांच्या घरात, आणि प्रती काढल्या फक्त पंधरा. एल्सबर्गना तो वाचायची अधिकृत परवानगी होती. त्यामुळे कुलूप वगैरे फोडायचा प्रश्नच नव्हता. 1 ऑक्टोबर 1969 च्या संध्याकाळी ते रँडच्या तिजोरीतले कागद ब्रीफकेसमध्ये घालून पहारेकऱ्यांसमोरून चालत बाहेर पडले.

झेरॉक्स काढायची ती मित्र अँथनी रूसो यांच्या ओळखीतल्या एका जाहिरात कंपनीच्या कचेरीत, रात्रभर, एकेक पान काचेवर ठेवून. सकाळी मूळ कागद परत जागेवर. पहिल्याच रात्री त्या कचेरीचा चोरघंटा वाजली आणि पोलीस दारात हजर! किल्ली चुकीची फिरवली गेली असेल असं समजून ते निघून गेले. तेरा वर्षांचा मुलगा रॉबर्ट मशीनवर मदत करायचा आणि दहा वर्षांची मेरी कात्रीने पानांवरचा ‘टॉप सिक्रेट’ हा शिक्का कापायची. आपल्याकडे ‘पेपर फुटला’ म्हटलं की परीक्षाच आठवते. हा पेपर फुटायला मात्र पावणेदोन वर्षं लागली, कारण एल्सबर्ग आधी सिनेटर फुलब्राइट आणि मॅकगव्हर्न यांच्याकडे गेले होते आणि तिथे गाडी पुढे सरकली नाही. मग त्यांनी गाठले न्यूयॉर्क टाइम्सचे पत्रकार नील शीहान. 13 जून 1971 ला पहिला भाग छापून आला, पहिल्या पानावर निक्सन यांच्या मुलीच्या लग्नाच्या फोटोशेजारी.

त्या कागदांत खरोखर असं काय होतं? (ठाणे)

एकच नमुना देतो. मार्च 1965 च्या एका टिपणात एल्सबर्ग यांचे साहेब जॉन मॅकनॉटन यांनी युद्धाच्या उद्देशांची टक्केवारी मांडली आहे. अमेरिकेची मानहानी टाळणं 70 टक्के, दक्षिण व्हिएतनाम चीनच्या हाती न जाऊ देणं 20 टक्के. आणि तिथल्या लोकांना मोकळं, बरं आयुष्य मिळावं म्हणून? 10 टक्के. जाहीर भाषणांत आकडे नेमके उलटे ऐकू येत. ट्रूमनपासून जॉन्सनपर्यंतचे चारही अध्यक्ष यात सापडतात. निक्सन नाहीत, कारण इतिहास 1968 ला थांबतो. गुप्त वाटाघाटींचे चार खंड एल्सबर्गनी वर्तमानपत्रांना दिलेच नाहीत, हे त्यांचे टीकाकार सहसा सांगत नाहीत.

सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं ना? (नागपूर)

नाही. 30 जून 1971 चा सहा विरुद्ध तीन असा निकाल होता तो हे कागद छापण्यावर सरकारने वर्तमानपत्रांवर आणलेली बंदी उठवणारा. एल्सबर्ग यांच्यावरचा खटला वेगळा, लॉस एंजेलिसमधला. सगळे आरोप सिद्ध झाले असते तर 115 वर्षांपर्यंत शिक्षा! व्हाइट हाउसच्या माणसांनी त्यांच्या मानसोपचारतज्ज्ञाच्या दवाखान्यात घरफोडी केल्याचं उघड झालं, खटल्याच्या न्यायाधीशांना मध्येच एफबीआयच्या संचालकपदाबद्दल विचारणा झाल्याचंही कळलं, आणि 11 मे 1973 ला खटलाच रद्द झाला. दोषी की निर्दोष, हे ठरलंच नाही.

भारतात असं कुणी केलं तर? (बेळगाव)

1923 चा शासकीय गुपिते कायदा अजून आहे आणि कागद देणाऱ्याइतकाच घेणाराही त्यात अडकू शकतो. मात्र राफेल प्रकरणात 10 एप्रिल 2019 ला आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ‘चोरलेले कागद बघू नका’ हा सरकारचा आक्षेप फेटाळला, तेव्हा 1971 च्या याच अमेरिकी निकालाचा आधार घेतला होता. जागल्यांना, म्हणजे आतला गैरकारभार उघड करणाऱ्यांना, संरक्षण देणारा कायदा 2014 मध्ये झाला. अंमलबजावणी तेवढी राहिली.

निवेदन स्वतः एल्सबर्ग करतात. मग ही आत्मस्तुती नाही का? (डोंबिवली)

रास्त शंका, आणि पाहताना ती मनात असू द्या. पण माझ्या मते चित्रपट झेरॉक्सचा नाहीच. युद्ध आखणारा माणूस कुठे मोडतो, याचा आहे. ऑगस्ट 1969 मध्ये हॅवरफर्ड कॉलेजातल्या सभेत रँडी केहलर हा तरुण, लष्करभरती नाकारल्याबद्दल आपण लवकरच तुरुंगात जाऊ, असं शांतपणे सांगतो आणि एल्सबर्ग उठून स्वच्छतागृहात जाऊन तासभर रडतात. हे दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलं असतं तर मला खोटं वाटलं असतं. शिवाय घरफोडीच्या बाजूचे एगिल क्रोगही कॅमेऱ्यासमोर बसलेत, आणि निक्सन तर स्वतःच्याच टेपवर बोलतात.

तक्रार आहे ती रूसोंबद्दल. ग्रँड ज्युरीपुढे (खटला भरायचा का हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळापुढे) साक्ष द्यायला नकार दिला म्हणून ते खटल्याआधीच तुरुंगात जाऊन आले होते. त्यांच्या वाट्याला इथे आणखी काही मिनिटं यायला हवी होती. चित्रपट प्रदर्शित होण्याच्या आदल्या वर्षी, 2008 मध्ये, रूसो वारले.