वाचकांचे प्रश्न: बंद बटणावर ८५ व्होल्ट कुठून येतात?

प्रश्न : पडवीतला एलईडी बल्ब बटण बंद केलं तरी मिणमिणत राहतो. बल्ब काढून होल्डरवर डिजिटल मल्टिमीटर लावला, तर ८५ व्होल्ट दाखवतो. वायरमन म्हणतो, खाऱ्या हवेने वायरिंग गेलं, सगळं बदला. बदलावं का? (मालवण)

उत्तर : इतक्यात खर्चात पडू नका. बटण बंद असताना होल्डरकडे जाणारी वायर अधांतरी असते, पण पाईपमध्ये ती चालू फेजच्या वायरीला चिकटून गेलेली असते. दोन तांब्याच्या तारा आणि मध्ये पीव्हीसी, म्हणजे कपॅसिटरच झाला, आणि त्यातून एसीचा थोडा प्रवाह झिरपतो. अशी जोडी दहा मीटर लांब असेल आणि तिची धारिता (वीज साठवायची क्षमता) १००० पिकोफॅरडच्या आसपास धरली, तर ५० हर्ट्‌झला तिचा अडथळा सुमारे ३२ लाख ओहम होतो. त्यातून फार तर ७० मायक्रोअँपिअर वाहतील. मात्र मल्टिमीटरचा स्वतःचा रोध १ कोटी ओहम. त्याला एवढाही प्रवाह पुरतो आणि तो आकडा दाखवतो. त्याच पाईपातली न्यूट्रल आणि अर्थिंगची वायर हा दाब (व्होल्टेज) खाली ओढते, म्हणून २३० न दिसता मधलंच काहीतरी दिसतं. निऑनचा टेस्टरही एवढ्यावर पेटू शकतो, तेव्हा त्याची साक्ष इथे चालत नाही.

पारख सोपी आहे. होल्डरमध्ये १५ वॅटचा तारेचा झिरो बल्ब लावा आणि तो लावलेला असतानाच दाब मोजा. पेटलेल्या अवस्थेत या बल्बचा रोध साडेतीन हजार ओहम असतो, थंड असताना त्याहून बराच कमी. ७० मायक्रोअँपिअरने त्याच्यावर पाव व्होल्टही उभा राहत नाही. आकडा शून्याजवळ कोसळला, तर ८५ व्होल्टांच्या मागे दम नव्हता.

पण किरकोळ गळती या पारखेत सुटते, आणि आपल्याकडे पावसाळ्यात शंका तीच असते. त्यासाठी मेगर, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजणारं यंत्र, हवा. मेन स्विच बंद करा, सगळे बल्ब, रेग्युलेटर आणि उपकरणं काढा, मग ५०० व्होल्टांवर फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ मोजून घ्या. किमान १ मेगाओहम यायला हवा. कमी आला तरी लगेच भिंती फोडू नका. आधी पश्चिमेकडच्या भिंतीवरचे जंक्शन बॉक्स आणि बाहेरचे होल्डर उघडून बघा, मीठ आणि ओल तिथेच साचते.

मिणमिणण्याची आणखी दोन कारणं आधी तपासा. बटणात लाल इंडिकेटर असेल तर त्यातूनच बल्बला प्रवाह मिळतो. दुसरं कारण धोक्याचं: बटण फेजऐवजी न्यूट्रलमध्ये जोडलेलं असणं. मग बटण बंद करूनही होल्डरवर फेज राहतो. ते आधी दुरुस्त करून घ्या. एवढं करूनही बल्ब मिणमिणला, तर त्याच्या समांतर ०.१ मायक्रोफॅरडचा, २७५ व्होल्ट एसीचा ‘एक्स२’ खूण असलेला कपॅसिटर बसवून घ्या. पंख्यातला किंवा जुन्या रेडिओतला काढून लावू नका.

प्रश्न : बोटीची १२ व्होल्टची बॅटरी १२.६ दाखवते, तरी सेल्फ नुसता ‘टक’ करतो. दुकानदार नवीन बॅटरी घ्या म्हणतो. (हर्णे)

उत्तर : वरच्या उत्तरातला तोच मल्टिमीटर इथे उलट्या बाजूने फसवतो. तो प्रवाह जवळजवळ घेतच नाही, त्यामुळे गंजलेल्या सांध्यातूनही १२.६ व्होल्ट अगदी व्यवस्थित दिसतात. सेल्फला मात्र २०० अँपिअर लागतात असं धरा. सांध्याचा रोध फक्त ०.०१ ओहम असला तरी तिथे २ व्होल्ट पडतात आणि ४०० वॅट उष्णता होते. सेल्फ मारल्यावर जो लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) हाताला गरम लागतो, तो गुन्हेगार.

मोजायचं ते सेल्फ फिरवत असताना. इंजिनाचा स्टॉप ओढून ठेवा म्हणजे ते सुरू होणार नाही. मल्टिमीटर डीसी २० व्होल्टांवर ठेवा. लाल पिन १० अँपिअरच्या भोकात असेल तर आधी काढा, नाहीतर शॉर्ट होईल. एक काडी बॅटरीच्या शिशाच्या खुंटावर, दुसरी त्यावरच्या क्लॅम्पवर टेकवा. पहिली काडी क्लॅम्पवर नको, खुंटावरच. दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा, दहा सेकंदांहून जास्त नाही. एका सांध्यावर ०.२ व्होल्टांपेक्षा जास्त दिसलं, तर तो सांधा खराब. मग खुंट ते सेल्फचा बोल्ट असा पूर्ण तुकडा मोजा. अर्ध्या व्होल्टाच्या वर जाऊ नये. काळ्या बाजूलाही, खुंट ते इंजिनाचं धूड, हेच करा. बहुतेक जण ती बाजू विसरतात आणि दोष तिथेच निघतो.

दोन्ही बाजू चांगल्या असून सेल्फ मारताना खुंट ते खुंट ९.६ व्होल्टांच्या खाली घसरत असेल, तर बॅटरी पुन्हा पूर्ण चार्ज करून तपासा. तरीही घसरली तर दुकानदार बरोबर.

साफ करताना आधी काळी वायर काढा. खायचा सोडा घातलेल्या पाण्याने धुवा, पाणी झाकणातून आत जाऊ देऊ नका. पॉलिश पेपर मारून घट्ट आवळा आणि मग वरून व्हॅसलीन लावा. लगजवळचं इन्सुलेशन सोलून तार काळी-हिरवी निघाली, तर घासत बसू नका. लख्ख तांबं लागेपर्यंत कापा. नवीन वायर घ्यायची झाल्यास कथिलाचा मुलामा असलेली घ्या.

प्रश्न : इन्व्हर्टरवर माझा स्वस्तातला मल्टिमीटर १८० व्होल्ट दाखवतो, शेजाऱ्याचा महागडा २३०. बिघडलेला कुठला? (गुहागर)

उत्तर : बहुधा कुठलाच नाही. तुमचा इन्व्हर्टर साइन वेव्हचा नसून पायऱ्यांच्या लाटेचा असावा. स्वस्तातला मल्टिमीटर लाटेची सरासरी काढतो आणि ती साइन आहे असं गृहीत धरून १.११ ने गुणतो. पायऱ्यांच्या लाटेचं शिखर ३२५ व्होल्ट असेल आणि ती निम्मा वेळ शून्यावर राहत असेल, तर सरासरी १६२.५ आणि आकडा १८० येतो. ‘ट्रू आरएमएस’ मल्टिमीटर, म्हणजे लाट कुठलीही असो तिचा खरा परिणामी दाब मोजणारा, त्याच लाटेचे २३० दाखवतो, आणि बल्ब किंवा इस्त्री तापते ती या २३० प्रमाणे. तुमच्याकडचा आकडा बघून इन्व्हर्टरचा दाब वाढवून घेऊ नका.