दुसरा बाप्तिस्मा घेण्याआधी उत्पत्ती १५ वाचा

ताई, ‘तीन वर्षं देवळात (चर्चमध्ये) पाऊल नाही, देवाशी केलेला करार मोडला, आता नव्यानं बाप्तिस्मा घेऊ का’ हे तुमचं वाचलं आणि पंचविशीतला मीच समोर आला.

मी घेतला होता. लहानपणी पाणी शिंपडून दिलेला बाप्तिस्मा धरत नाहीत, असं एका प्रार्थना गटात ऐकलं आणि सांगलीत कृष्णेत बुडी मारून आलो. आई काठावर टॉवेल धरून उभी होती, चकार शब्द बोलली नाही. सहा महिन्यांत परत उपासना चुकायला लागल्या, परत तीच धाकधूक. आता काय, तिसऱ्यांदा?

घोळ ‘करार’ या शब्दाचा होता. मिरजेत भाड्यानं राहायचो, अकरा महिन्यांचा करार. भाडं थकलं की सामान बाहेर. देवाचंही तसंच असणार, असं धरून चाललो होतो. बायबलच्या पहिल्या पुस्तकातला उत्पत्ती १५ हा अध्याय नीट वाचा. देव अब्रामाला (पुढे अब्राहाम) वचन देतोय. कालवड, शेळी, मेंढा चिरून समोरासमोर मांडलेत, अब्राम त्यांवर झडपणारे पक्षी हाकलतोय. त्या काळी करार करणारे अशा तुकड्यांमधून चालत जायचे, म्हणजे शब्द मोडला तर माझी हीच गत होवो (यिर्मया ३४:१८ बघा). इथं मात्र अब्रामाला गाढ झोप लागते आणि मधून जाते ती धुमसती भट्टी न् जळती मशाल. म्हणजे देव एकटाच. अब्रामाला चालायला लावलंच नाही. कृपेचा करार म्हणतात तो हा. आपण चुकलो म्हणून तो मोडत नाही, मग त्याची खूण असलेला बाप्तिस्मा परत कशाला?

आमच्या प्रेस्बिटेरियन (प्रोटेस्टंटांमधल्या एका) परंपरेतला १६४६ चा वेस्टमिन्स्टर विश्वासांगीकार, म्हणजे श्रद्धेचा लेखी जाहीरनामा, तर सरळ सांगतो की बाप्तिस्मा एकदाच द्यायचा. मी पाळक (पाद्री) नाही. बाप्टिस्ट मंडळी लहानपणीचा बाप्तिस्मा धरत नाहीत, त्यांना हे पटणार नाही, त्यांच्याशी वाद घालायची माझी तयारीही नाही. आणि देवळात जाऊच नका, असंही मी म्हणत नाहीये.

खरा मनस्ताप पुढे झाला. मुलाच्या बाप्तिस्म्यासाठी मी माझ्या बाप्तिस्म्याचा दाखला मागितला, तर एका मंडळीच्या (चर्चच्या) कार्यालयात (नाव नको) म्हणे, ‘तुमचे दोन, कुठला धरायचा?’ पाच खेपा. दर वेळी रजिस्टर कुलपात आणि किल्लीवाला बाहेरगावी. पोरगं चालायला लागलं तरी कागद मिळाला नव्हता. कराराचा अर्थ समजावून सांगावा, हे तिथं एकालाही सुचलं नाही.

तुमचा लहानपणीचा बाप्तिस्म्याचा दाखला आईकडे असेल तर आजच मागून घ्या. आधी दोन झेरॉक्स काढा, मूळ कागद कुणाच्या हातात देऊ नका.