जुन्या हिंदी गाण्यांत सारखा चंद्रच का असतो? कवींना दुसरी उपमा सुचत नव्हती का?

सुचत होती की. पण तुम्ही सगळीकडं उपमा समजताय तिथंच जरा घोळ आहे असं मला वाटतंय.

मी गाण्यातला जाणकार वगैरे नाही हे आधीच सांगतो. सांगली जिल्ह्यात पलूसजवळ ऊस आहे आमचा, आमच्या फिडरला आठवड्यातले काही दिवस रात्रीची लाईट असते, त्यामुळं दारं धरायला, म्हणजे उसाला पाणी द्यायला, रात्रीच जावं लागतं, आणि एकदा पाणी सरीला लावलं की ती भरेपर्यंत बांधावर बसून करायचं काय तर गाणी ऐकायची. आधी वडलांचा रेडिओ होता, दहा वाजता विविध भारतीवर छायागीत लागायचं, आता मोबाईल. म्हणजे वीसेक वर्षं चंद्र आणि चंद्राची गाणी दोन्ही एकदमच चालू आहेत माझी.

तर चेहऱ्याला चंद्र म्हणणारी गाणी आहेतच, नाही म्हणत नाही. सगळ्यात मोठं 'चौदहवीं का चाँद हो', 1960 चं, शकील बदायुनींचं, रवीचं संगीत, रफीला पहिलं फिल्मफेअर ह्याच गाण्याला मिळालं. आता गंमत बघा, गाणं सगळं खोलीच्या आत, वहीदा झोपलेली, गुरुदत्त तिच्याकडं बघत गातोय, आभाळाचा संबंधच नाही. चंद्र नुसता बोलण्यात. बरं मला लहानपणी एक कोडं पडायचं की पौर्णिमा तर पंधराव्या तिथीला, मग हा चौदावीचा का, एक दिवस आधीचा अर्धामुर्धा चंद्र कशाला आणलाय? ते मिरजेतल्या एका मुसलमान मित्रानं सोडवलं. त्यांचा महिना कोर दिसल्यावर सुरू होतो, आणि कोर दिसायला बहुतेक वेळा आपली द्वितीया उजाडते, म्हणजे त्यांची मोजणी आपल्यापेक्षा एखाद्या दिवसानं मागं, म्हणून त्यांची चौदावी रात्र आपल्या पौर्णिमेच्या आसपास येते. चंद्र पूर्णच आहे, कॅलेंडर वेगळं.

पण माझ्या मते खरी मजा दुसऱ्या जातीच्या गाण्यांत आहे, जिथं चंद्र म्हणजे कुणाचा चेहरा नसतोच, तो तिथं हजर असलेला तिसरा माणूस असतो. आवारा (1951) मधलं शैलेंद्रचं 'दम भर जो उधर मुँह फेरे' घ्या. हिरॉईन चंद्रालाच सांगतीय की बाबा जरा तिकडं तोंड कर, म्हणजे मला ह्याच्याशी प्रेमाचं बोलता येईल. मला हे आधी नुसतं गोड वाटायचं. मग माझं लग्न ठरलं त्या वर्षी, साधारण त्रयोदशी-चतुर्दशी असेल, पाणी लावून बांधावर बसून फोनवर बोलत होतो, तासभर तरी, मला वाटलं एवढ्या रात्री कोण बघतंय. सकाळी डेअरीला दूध घालायला गेलो तर लायनीतनंच एक आप्पा ओरडले, "काय मर्दा, राती बांधावर कुणासंगं गुलूगुलू चाललं हुतं? सरी फुटून पाणी आमच्यात आलं की!" पाणी खरंच गेलं होतं त्यांच्यात. चांदणं असलं की बॅटरी लागत नाही, सरीतलं पाणी चकाकतं, कुठं फुटलंय ते बसल्या जागी दिसतं, पण मग आपणही चार पट्ट्यांवरून दिसतो हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. तवापासनं ते गाणं मला तक्रार वाटतंय. भेटायचं चोरून, आणि वर हा दिवा लावून बसलाय.

आणि तक्रारीतलं वरचढ गाणं म्हणजे बंदिनी (1963), 'मोरा गोरा अंग'. गुलजारांचं सिनेमातलं हे पहिलं गाणं म्हणतात ते हेच, संगीत सचिनदेव बर्मन, पडद्यावर नूतन. ती म्हणते माझा गोरा रंग घे आणि मला सावळी कर, म्हणजे मी रात्रीत लपून जाईन. ढग बाजूला करून चंद्र डोकावतो तर त्याला राहू लागू दे म्हणून शाप देते. अख्ख्या इंडस्ट्रीत हिरॉईनला गोरं गोरं म्हणत चंद्राची बरोबरी चालली होती आणि ह्या पोरीला गोरेपण पण नको आणि चंद्र पण नको! असली ओळ शहरातल्या लाईटीखाली बसून कळत नाही, स्पष्टच सांगतो.

मग वाट बघण्याची गाणी. 'चाँद फिर निकला' (पेइंग गेस्ट, 1957, मजरूह, पुन्हा बर्मनदा आणि नूतनच) म्हणजे चंद्र आला, तू नाही आलास. ह्याच्यात आपल्याला समजायला अवघड काही नाही कारण आपल्याकडं संकष्टीला घरोघरी हेच चालतं. आमची आई दिवसभर उपाशी, ताट तयार, आणि दर पाच मिनिटाला "उगवला का बघ रं". पावसाळ्यात दिसतच नाही, मग कॅलेंडरवरची वेळ बघून जेवायचं. चंद्राची वेळ छापून येते, माणसाची येत नाही, एवढाच त्या गाण्याचा जीव.

पण माझं विचाराल तर एक नंबर 'रुक जा रात ठहर जा रे चंदा', दिल एक मंदिर, 1963, परत शैलेंद्र. नवऱ्याचं (राजकुमार) उद्या ऑपरेशन, वाचेल का नाही माहीत नाही, आणि मीनाकुमारी चंद्राला म्हणते थांब. इथं चंद्र म्हणजे सरळ घड्याळ झालं. वडील दवाखान्यात होते तेव्हा मीपण खिडकीतनं बघितलाय तो सरकताना, जास्त लिहीत नाही.

'चलो दिलदार चलो, चाँद के पार चलो' वर आमच्या कट्ट्यावर एक जोक आहे की 1969 ला माणूस चंद्रावर पोचला म्हणून 1972 च्या पाकीजात पलीकडं जावं लागलं. जोक चांगलाय पण खोटा आहे, संगीतकार गुलाम मोहम्मद 1968 लाच वारले, म्हणजे चाल त्याच्या आधीची, सिनेमाच रखडला होता. कैफ भोपालींना त्या अंतराळवीरांशी काही देणंघेणं नव्हतं.

आणि प्रेमाचा चंद्र सोडून बघायचं तर 'चंदामामा दूर के' आहे, वचन सिनेमातलं, आशाताईंनी गायलेलं, त्यांचा जन्म आमच्या सांगलीतला म्हणून उगाच कॉलर ताठ करून घेतो.

तुम्हाला ऐकायचीच असतील तर बंदिनीपासनं सुरू करा, चौदहवीं शेवटी. शक्यतो बाहेर, लाईट बंद करून. फक्त शेतात असाल तर दोन्ही कानात हेडफोन घालू नका, मोटर बंद पडलेली कळत नाही.