विवेकाची किंमत कोण मोजतं?

प्रश्न : सोलापुरात अक्कलकोट रोडला यंत्रमागावर कामाला आहे. खंडेनवमीला मालक प्रत्येकाला आपल्या मागाची पूजा करायला लावतात. मी ख्रिस्ती. नाही म्हटलं तर बोनस जाईल का?

माग पुसणं, तेलपाणी करणं, साचलेली कापसाची तूस काढणं हे तुमचंच काम. ते झकास करा. हळदकुंकू वाहणं मनाला पटत नसेल तर वाहू नका. पण मालकाला हे आधी, एकट्यात गाठून सांगा. ऐन आरतीला सगळ्यांदेखत हात मागे घेतलात तर त्यांना अपमान वाटेल, आणि त्यात त्यांचं फारसं चुकणार नाही.

राहिला प्रसादाचा पेढा. बायबलमध्ये प्रेषित पौल करिंथच्या ख्रिस्ती मंडळीला लिहितो : पुढ्यात येईल ते चौकशी न करता खा, पण हे मूर्तीला वाहिलेलं आहे असं कोणी सांगितलं, तर सांगणाऱ्याच्या विवेकाखातर खाऊ नका. समोरच्याच्या! तोंड वाकडं करून पेढा नाकारणं यात बसत नाही.

कायद्याने मिळणारा बोनस एवढ्यासाठी कापता येत नाही. चांगला माग काढून घेऊन खटारा गळ्यात मारतील, हे मात्र होऊ शकतं. तेवढी तयारी ठेवा.

प्रश्न : बाप्तिस्मा घेतल्यावर वडील म्हणतात, घरातला हिस्सा विसर. खरंच जातो का?

नुसत्या धर्मांतराने तुमचा वारसाहक्क जात नाही. 1850 मध्येच तसा कायदा झाला होता. पण वडिलांनी स्वतः कमावलेलं घर ते मृत्युपत्राने कोणालाही देऊ शकतात. धर्मांतरानंतर झालेल्या तुमच्या मुलांचा हिंदू आजोबांच्या वारशावरचा हक्कही 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने अडतो. वकिलाला भेटाच.

एक मात्र सांगतो. कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला; त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी 1900 मध्ये. मधली बरीच वर्षं त्या नवऱ्यापासून दूर, काही काळ तर आपल्या पंढरपुरात, नातलगांच्या आधाराने राहिल्या. निर्णय टिळकांचा, पण झळ लक्ष्मीबाईंनी सोसली. आम्ही प्रवचनांत टिळकांचं धैर्य सांगतो आणि हे पटकन उरकतो. तुमच्या वडिलांनाही चारचौघांत बोलणी खावी लागत असतील. हिश्शाचा वाद तूर्त बाजूला ठेवा, घरी जाणं-येणं सोडू नका.

प्रश्न : मुलगा अठरा वर्षांचा, दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर स्वतः श्रद्धा कबूल करण्याचा विधी) नको म्हणतो. मी मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, कमिटीवर आहे. लोक काय म्हणतील?

म्हणू देत. संविधानाचं धर्मस्वातंत्र्याचं 25 वं कलम आपण एरवी तोंडपाठ म्हणतो, ते त्यालाही लागू आहे. पाळकांना तुम्हीच सांगा, यादीतून नाव काढा म्हणून. त्याला पाठवू नका.