सगळ्यांच्या अंगावर उड्या मारणारं पिल्लू थेरपी डॉग होईल का?

प्रश्न: ताई, आमच्याकडे साडेचार महिन्यांची लॅब (लॅब्रॅडॉर) आहे, जिलबी. इतकी प्रेमळ आहे की सोसायटीत कोणीही दिसलं की ओढत नेते, अंगावर चढते, तोंड चाटते. माझी आई गेल्या वर्षीपासून एका वृद्धाश्रमात आहे आणि तिथल्या सगळ्यांनाच कुत्र्यांचं वेड आहे, म्हणून जिलबीला थेरपी डॉग करायचं मनात आहे. एक ट्रेनर म्हणतात, दोन महिने आमच्याकडे ठेवा, तयार करून देतो. ती कुकरच्या शिट्टीला आणि लिफ्टला मात्र घाबरते. आश्रमात कधीपासून नेऊ?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: नमस्कार. तुमची इच्छा फार चांगली आहे, पण जिलबीला दोन महिने बाहेर ठेवायला अजिबात देऊ नका. थेरपी डॉग म्हणजे आजारी किंवा वृद्ध माणसांना बरं वाटावं म्हणून त्यांच्या भेटीला नेला जाणारा कुत्रा, आणि ती घरातलाच कुत्रा आणि त्याचा माणूस अशी जोडी असते. अमेरिकेत एलेन स्मिथ नावाच्या नर्सने 1976 मध्ये थेरपी डॉग्ज इंटरनॅशनल ही संस्था सुरू केली तीसुद्धा लोकांच्या घरच्या कुत्र्यांवरच. ट्रेनर तिला सिट, डाऊन, स्टे शिकवेल हो, पण आश्रमात तिच्या शेजारी तुम्ही असणार आहात, तर तिचा चेहरा वाचायला तुम्हाला यायला हवा. त्यामुळे ट्रेनरला घरी बोलवा आणि तुम्हीही शिका.

आता वयाचं. पेट पार्टनर्स ही तिथलीच दुसरी संस्था, ते एक वर्षाच्या आतला कुत्रा घेतच नाहीत, आणि मी तर लॅबच्या बाबतीत दीड वर्ष थांबा म्हणते कारण सहा-सात महिन्यांनंतर ती वयात आली की शिकलेलं सगळं विसरल्यासारखं करेल, काल ज्या कचऱ्याच्या डब्याकडे ढुंकून बघितलं नाही त्याच्यावर आज भुंकेल, तेव्हा घाबरून जाऊ नका आणि मारू तर मुळीच नका.

सोशलायझेशन, म्हणजे पिल्लाला माणसांची आणि बाहेरच्या जगाची सवय लावणं, हे शंभर जणांकडून लाड करून घेणं असं बऱ्याच जणांना वाटतं, आणि त्यातूनच ही ओढाओढ येते. माणूस दिसला की धावायचं हेच ती रोज शिकतेय. म्हातारपणी कातडी अगदी पातळ होते, कित्येकांना रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतात, जिलबीचं नुसतं नख लागलं तरी केवढी जखम होईल विचार करा. म्हणून आजपासून घरच्यांना आणि सोसायटीतल्या लोकांना सांगून ठेवा, चारही पाय जमिनीवर असतील तरच हात लावायचा, उडी मारली की गप्प उभं राहून तोंड फिरवायचं. रोज दहा मिनिटं गेटजवळच्या बाकावर तिला घेऊन बसा, येणारे-जाणारे, सायकली, शाळेची व्हॅन, छत्र्या, सगळं बघू दे, आणि बघून तिने तुमच्याकडे मान वळवली की पनीरचा छोटा तुकडा. कोणाला भेटायचं नाही, फक्त बघायचं. गोदाघाटाची गर्दी इतक्यात नको. आणि लसींचा कोर्स, रेबीजची धरून, पूर्ण झालाय ना ते व्हेटकडून बघून घ्या.

पिल्लं नवीन गोष्टी सहज स्वीकारतात तो काळ साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंतचा, तो तुमचा गेलाय, त्यामुळे कुकर आणि लिफ्टला जरा जास्त वेळ द्यावा लागेल. शिट्टी मोबाईलवर रेकॉर्ड करा, अगदी हळू आवाजात लावा आणि त्याच वेळी तिला आवडीचं खायला द्या, ती आरामात खात असेल तरच दोन-तीन दिवसांनी आवाज किंचित वाढवा. लिफ्टमध्ये ओढत नेऊ नका. आधी उघड्या दारापासून लांब उभं राहायचं, मग एक पाऊल पुढे, आत जायचं की नाही हे तिला ठरवू दे.

कोणाकडून तरी जुना वॉकर मागून आणा आणि हॉलमध्ये ठेवून द्या. घरात काठी टेकत चाला, जोरात खोका. कान, पंजे, शेपूट रोज हळुवार हाताळा कारण थरथरणारा हात कुठेही पडतो, कधी मूठभर केस धरून ठेवतो. आणि ‘लीव्ह इट’ (सोड, तोंड लावू नको) एकदम पक्कं हवं! अशा ठिकाणी जमिनीवर औषधाच्या गोळ्या पडलेल्या असतात आणि लॅब काय, दिसेल ते गिळते.

एक गोष्ट मनापासून सांगते. माझी पहिली लॅब सगळं शिकली होती, वॉर्डात शांत बसायची, पण सारखी जांभया द्यायची, जिभेने ओठ चाटायची, दाराकडे तोंड करून बसायची. ही ताणाची लक्षणं आहेत हे मला कळत होतं, तरी आज्या वाट बघतात म्हणून मी चार-पाच वेळा तिला नेलं, आणि मग एक दिवस मी हार्नेस काढला तशी ती पलंगाखाली जाऊन बसली. ते अजून डोळ्यांसमोर येतं. नंतर तिला कधी नेलं नाही, घरी ती आनंदात राहिली. जिलबीलाही मोठेपणी हे काम आवडलं नाही तर ते मान्य करायची तयारी आत्तापासून ठेवा. आवडलं तरी सुरुवातीला वीस मिनिटांच्या वर नको.

आईंना मात्र दीड वर्ष थांबायला लावू नका. आश्रमाच्या व्यवस्थापकांना विचारून आईंना बागेत किंवा गेटजवळ खुर्चीवर बसवा, जिलबीला आधी भरपूर फिरवून दमवून आणा, पट्टा आखूड धरा आणि पाचच मिनिटं भेटवा. पनीरचे तुकडे आईंच्या हातात द्या आणि जिलबी खाली बसल्यावरच द्यायचे हे त्यांनाही समजावून सांगा.