नोकरी सांभाळून इंजिनिअरिंग कॉलेजात मशीन डिझाइन शिकवायला जावं का? नऊ वर्षांच्या कंपनीतल्या अनुभवाचा वर्गात उपयोग होतो का?

जरूर जा. मी भोसरीत डिझाइन विभागात नोकरी करतो आणि बरीच वर्षं दर शनिवारी पुण्यातल्या एका कॉलेजात व्हिजिटिंग म्हणून हाच विषय शिकवतो. अनुभवाचा उपयोग होतो, पण कंपनीतले किस्से सांगून नाही. किस्से पोरं आवडीने ऐकतात आणि विसरून जातात. आपण त्यांना द्यायचं ते एकच: पुस्तक जिथे थांबतं, तिथून पुढे निर्णय घ्यायची सवय.

उदाहरण देतो. शाफ्टचं, म्हणजे यंत्रातल्या फिरत्या दांड्याचं, गणित वर्गातला जवळजवळ प्रत्येकजण सोडवतो. टॉर्क, बेंडिंग मोमेंट, फॅक्टर ऑफ सेफ्टी, उत्तर: व्यास २३.४ मिमी. त्याखाली दोन रेघा ओढल्या की संपलं. मी तिथूनच सुरू करतो. २३.४ च्या भोकाचं स्टँडर्ड बेअरिंग मिळत नाही. मग २५ घ्या, म्हणजे ६२०५ नंबरचं बेअरिंग: आतला व्यास २५, बाहेरचा ५२, रुंदी १५. बेअरिंग टेकायला खांदा हवा, म्हणजे शाफ्टवर जाड व्यासाची पायरी. तो किती उंच? कोपऱ्यातली फिलेट, म्हणजे तिथली गोलाई, बेअरिंगच्या कोपऱ्याच्या गोलाईपेक्षा मोठी ठेवली तर बेअरिंग खांद्याला टेकतच नाही; अगदी लहान ठेवली तर तिथे ताण एकवटतो आणि शाफ्ट तिथूनच तुटतो. तास निघून जातो, पण त्या एका आकड्यातून किती प्रश्न निघतात ते पोरांना दिसतं.

दरवर्षी एखाद्या तरी ग्रुपच्या ड्रॉइंगमध्ये अखंड शाफ्टवर बेअरिंगच्या दोन्ही बाजूंना खांदे असतात. ‘हे चूक आहे’ असं मी सांगत नाही. ‘बेअरिंग कुठून घालणार, दाखव’ एवढंच म्हणतो. विद्यार्थी पेन्सिल डावीकडून आणतो, अडकतो, उजवीकडून आणतो, पुन्हा अडकतो. मग स्वतःच एक खांदा खोडून तिथे सर्क्लिप, म्हणजे खाचेत बसणारी काढता येणारी रिंग, काढतो. नंतर मी दुसऱ्या टोकाच्या बेअरिंगकडे वळतो. दोन्ही बेअरिंगं दोन्ही बाजूंनी पक्की केली आणि शाफ्ट तापला, तर? ३०० मिमीचा पोलादी शाफ्ट हाउसिंगपेक्षा, म्हणजे बेअरिंग बसवलेल्या बाहेरच्या खोक्यापेक्षा, ४० अंशांनी जास्त तापला की साधारण ०.१४ मिमी वाढतो. ती वाढ जाणार कुठे? एक बेअरिंग पक्कं आणि एक सरकतं का ठेवतात, हे यानंतर फळ्यावर लिहावं लागत नाही.

वर्गात वस्तू न्या. माझ्या पिशवीत फटीगने, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या भाराने थकून, तुटलेला एक शाफ्ट असतो. की-वेच्या, म्हणजे चावी बसवायच्या खाचेच्या, कोपऱ्यातून तडा सुरू झालेला, पुढे झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारख्या रेषा आणि शेवटी खडबडीत तुटलेला छोटा भाग. गुळगुळीत भाग मोठा आणि खडबडीत भाग लहान, म्हणजे भार बेताचाच होता आणि तडा सावकाश वाढत गेला. तो तुकडा हातोहात फिरला की ताण एकवटणं म्हणजे काय हे बोटांना कळतं.

डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेली मुलं वर्गात असतील. त्यांना पुढे बसवा. त्यातल्या बऱ्याच जणांचा लेथवर हात बसलेला असतो. इंग्रजीतल्या ओरलमध्ये, म्हणजे तोंडी परीक्षेत, ती गप्प होतात एवढंच. ‘हा खोबणीचा कोपरा टर्नर कुठल्या टूलने काढेल?’ असं मराठीत विचारा, मग बघा. या मुलांना मागे पडलेली समजणं मला फार अन्यायाचं वाटतं.

ड्रॉइंग कॉपी केलेली आहेत का, हे शोधत बसू नका. प्रत्येकाला वेगळं बोलवा, एक माप बदला आणि विचारा, आता आणखी काय काय बदलेल? ज्याने स्वतः केलंय तो लगेच बोट ठेवतो. आणि प्रत्येक मापावर ±०.०१ मिमी इतकीच सूट लिहिलेली दिसली तर त्यातली कुठली मापं खरंच ग्राइंडिंगला पाठवायची आणि त्याचे पैसे कोण देणार, हेही विचारा.

अभ्यासक्रम मात्र सोडून चालणार नाही. पुणे विद्यापीठाच्या २०१९ च्या पद्धतीत सत्राच्या मधली इन-सेम परीक्षा ३० आणि शेवटची एंड-सेम ७० मार्कांची होती. पेपर तुम्ही काढत नाही. वर्गातले शहाणे निर्णय तिथे मार्क देतीलच असं नाही. त्यामुळे परीक्षेची गणितं मी नेमाने करून घेतो आणि निर्णयांची कसोटी टर्मवर्कमध्ये, म्हणजे सत्रभराच्या ड्रॉइंग आणि कामात, लावतो, तिथले मार्क आपल्या हातात असतात.

पैशांसाठी जाणार असाल तर नका जाऊ. मानधन तासिकेवर मिळतं, तयारीचा आणि तपासणीचा वेळ कोणी धरत नाही, आणि पहिल्या वर्षी एका तासामागे तीन-चार तास तयारीत सहज जातात. यूजीसीचं ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ हे उद्योगातल्या अनुभवी लोकांसाठीचं पद वेगळं. त्याला किमान १५ वर्षांचा अनुभव लागतो. तुमच्या कंपनीच्या नेमणूकपत्रात दुसरीकडे काम करण्यावर बंदी आहे का ते आधी वाचा, एचआरकडून लेखी परवानगी घ्या आणि कंपनीची ड्रॉइंग वर्गात कधीही दाखवू नका. कॉलेजकडे एकच हट्ट धरा: दोन तासिका सलग हव्यात. एका तासिकेत ड्रॉइंग उघडून बोलायला लागेपर्यंत घंटा होते.